ते मूल जिवंत आहे काय?





आज एका अवघड विषयावर बोलायचे आहे. ज्या मुलाचे आईबाप मेले, दुखण्याने अंथरुणाला खिळले, दारूत बुडाले किंवा दारिद्र्याने हतबल झाले, त्या मुलाने कुणाच्या घरी वाढायचे? हा प्रश्न आपल्या वस्तीबाहेरचा आहे असे समजू नका. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, तो किती घरांच्या दारात येऊन उभा राहिला हे आपण पाहिले आहे.

विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहातील एका गणिकेने आपले नुकते जन्मलेले मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकायला लावले. सकाळी राजपुत्र अभय त्या वाटेने निघाला. कावळ्यांचा घोळका पाहून त्याने चौकशी केली, तेव्हा तिथे मूल पडले असल्याचे लोकांनी सांगितले. अभयाने एकच विचारले: ते जिवंत आहे काय? जिवंत आहे असे कळताच त्याने ते मूल वाड्यात नेऊन दायांच्या हाती दिले. जिवंत म्हणून जीवक, आणि कुमाराने पोसलेला म्हणून कोमारभच्च, असे त्याचे नाव पडले.

अभयाने काय विचारले नाही, तेही लक्षात घ्या. मूल कुणाचे, कोणत्या जातीचे, औरस की अनौरस, यातले काहीही त्याने विचारले नाही. १९५६ साली नागपूरला आपण जन्मावरून माणूस जोखण्याची रीत टाकून दिली. मग अनाथ मूल घरी आणायची गोष्ट निघाली की 'रक्त कुणाचं कोण जाणे' असे शब्द आपल्या तोंडून कसे निघतात? हे शब्द म्हणजे मागच्या दाराने घरात शिरलेली जातच होय. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आणि त्यांचे लालनपालन यांचे वचन आहे. त्या वचनातून पोरके मूल वगळता येईल काय?

आणि आईवेगळे मूल म्हणजे काय, हे बौद्धाला सांगावे लागू नये. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली; त्याला वाढविले महाप्रजापती गौतमीने. बाबासाहेबांचीही आई त्यांच्या बालपणीच गेली आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले.

आता मुलाच्या बाजूने पाहा. बालगृहातले मूल एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाते. सांभाळणारी माणसे बदलतात, शाळा बदलते, मैत्रिणी तुटतात. भाऊ मुलांच्या गृहात, बहीण मुलींच्या गृहात. आपण घर का सोडले हे पुष्कळदा त्याला कुणी सांगितलेलेच नसते, म्हणून ते स्वतःलाच दोषी धरते. असे मूल घरी आले की उशाखाली भाकरी लपवील, खोटे बोलेल, हे लोकही मला टाकतील का याची परीक्षा पाहील. त्याला वाईट वळणाचे म्हणू नका. भुकेची आठवण पोट भरले म्हणून लगेच जात नाही. इथे मैत्री आणि क्षांती यांची खरी कसोटी लागते.

नात्यातल्या मुलाचेही तसेच आहे. मेलेल्या भावाची मुले आपण वाटून घेतो. एक मोठ्याकडे, एक धाकट्याकडे. आपला मुलगा शाळेत जातो आणि पुतणी धुणीभांडी करते. शेजाऱ्यांना मात्र आपण सांगतो, 'पोटच्या पोरीसारखी ठेवली आहे.' उपासकहो, पोटच्या पोरीची शाळा कुणी बंद केली होती काय?

कायद्याचा रस्ता आपल्याला माहीत असला पाहिजे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्य. बेवारस मूल सापडले तर चोवीस तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे; १०९८ हा फोन त्यासाठीच आहे. असे मूल परस्पर ठेवून घेणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. दत्तक म्हणजे मूल कायमचे आपले होते. फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालकत्व, यात मूल समितीच्या आदेशाने आपल्याकडे राहते आणि परिस्थिती सुधारली तर ते आईबापांकडे परत जाऊही शकते. शिक्षण, आरोग्य, आहार यांची जबाबदारी आपली. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असे कायदाच सांगतो. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलामागे २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. आई किंवा बाप एकटा राहिला असेल त्याच्या मुलालाही हा लाभ आहे. म्हणून एखादी विधवा भगिनी गरिबीपायी मूल संस्थेत टाकायला निघाली असेल, तर तिला आधी हा अर्ज भरून द्या. तो पैसा मुलाच्या वहीपुस्तकाला लागला पाहिजे, घरातल्या दारूला नव्हे.

जीवकाच्या कथेकडे परत येऊ. मोठा झाल्यावर त्याने अभयाला आपल्या आईबापांविषयी विचारले. अभयाने खोटे सांगितले नाही. तुझी आई मला ठाऊक नाही, पण तुला मी वाढविले म्हणून मीच तुझा बाप, असे त्याने सांगितले. मुलाला सत्य सांगा, आणि सत्याबरोबर आपला हातही द्या.

मग जीवकाच्या मनात आले की विद्येवाचून आपला निभाव लागणार नाही. तो तक्षशिलेला गेला, सात वर्षे वैद्यक शिकला, आणि बिंबिसाराचा, तथागतांचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला. आजचे मूल अठराव्या वर्षी बालगृहाबाहेर पडते. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांना एक टक्का आरक्षणही आहे. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते आणि ते काढायला सोबत जाणारे माणूस त्याला नसते. ते माणूस तुम्ही व्हा. सणाला जेवायला बोलवा, कामधंद्याची ओळख करून द्या, खोली भाड्याने घेताना त्याच्या वतीने दोन शब्द सांगा.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदना झाल्यावर एवढे करा. आपल्या वस्तीत किती मुले आईबापांवाचून वाढत आहेत, ती कुणाच्या घरी आहेत आणि शाळेत जातात की नाही, याची यादी करा. यादीत आपल्याच घराचे नाव आले तर लाजू नका. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला शाळेत पोहोचवा.

जय भीम. सर्वांचे मंगल होवो.