तुकडेजोड आणि न्याय

बापाची जमीन चार भावांत वाटली जाते तेव्हा प्रत्येकाचा वाटा लहान होतो, एवढेच नव्हे. काळी आणि बरड अशा प्रत्येक शेताचे चार भाग पडतात व एकाची जमीन अनेक ठिकाणी विखुरते. डॉ. हॅरॉल्ड मान ह्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. तेथे १७७१ साली खातेदाराची सरासरी जमीन ४० एकर होती. ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती.

अशा तुकड्यांनी पीक का घटते? बांधांत जमीन जाते. औत एका शेतातून दुसऱ्यात नेण्यात दिवस मोडतो. राखण नीट होत नाही. अर्ध्या एकरासाठी विहीर कोणी खणीत नाही. म्हणून पंजाबात १९२० च्या सुमारास सहकारी संस्थांनी खातेदारांच्या संमतीने जमिनी एकत्र करण्यास आरंभ केला, आणि मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला.

परंतु विखुरलेल्या शेतांतही काही शहाणपण असते. पावसाने ओढ दिली तर काळीत ओल टिकते; पाऊस फार झाला तर बरडीवरील पीक वाचते. सर्व जमीन एके ठिकाणी आली म्हणजे हा आधार जातो. शिवाय विहीर व खत ह्यांची जोड नसेल, तर केवळ बांध मोडल्याने कणसे भरत नाहीत.

आता नीतीचा प्रश्न पाहू. ज्याची काळी जाऊन बरड येते, त्याने काय करावे? कायद्यात फरकाची भरपाई आहे; पण मोल ठरविताना चावडीवर कोणाचा शब्द चालतो? अहाबाने नाबोथास अधिक चांगला मळा देऊ केला होता. तरी नाबोथाच्या नकारास मान दिला नाही, तेथेच अन्याय झाला. उलटपक्षी, एकाच्या हट्टापायी सर्व गावाचे हित अडून राहावे, हेही योग्य नव्हे.

ह्यास एक कसोटी आहे. शेताचे मोल असे करावे की, वाटे उलट झाले तरी आपण ते आनंदाने घेऊ. ज्यास अधिक लाभ होतो त्याने, ज्याचे नुकसान होते त्याचा भार उचलावा. हे केवळ दयेचे काम नव्हे. आपणास फसविले असे ज्यास वाटते, तो नव्या शेतात खत घालीत नाही, ताल घालीत नाही. त्याचे मन जुन्या बांधावरच राहते. सबब, जेथे न्याय प्रथम पेरला जातो, तेथेच जोडलेली जमीन अधिक पिकते.