प्रगतिपत्रक आणि खरे माप

आपल्या लेकराची शाळेत कितपत प्रगती झाली हे आईबापांस कोणत्या मापाने सांगावे, हा प्रश्न केवळ मास्तरांचा आहे असे पुष्कळांस वाटते. परंतु तो सत्याचा व प्रीतीचाही प्रश्न आहे. म्हणून मंडळीने त्याचा विचार करणे योग्य होय.

आपण वर्गास ‘इयत्ता’ म्हणतो. संस्कृतात या शब्दाचा अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजे माप, असा आहे. अमुक इयत्तेत मुलास अमुक इतके यावे, हे ते माप. आता मुलगा वर्गात तिसरा आला असे कळले, तर त्यावरून त्यास काय येते हे कळत नाही. इतर मुले त्याच्या पुढे आहेत की मागे, इतकेच कळते. सारा वर्ग कच्चा असेल तर पहिल्या आलेल्यासही धडा धड वाचता येणार नाही. शेजाऱ्याचे मूल हे माप नव्हे. ठेवींच्या दृष्टांतातील धन्याने दोन चाकरांस एकमेकांशी ताडून पाहिले नाही. ज्याला जे सोपविले होते त्याचाच हिशेब घेतला, आणि दोघांस सारखीच शाबासकी दिली.

तथापि मापाचीही मूर्ती होऊ शकते. इंग्लंडात 1862 साली असा नियम झाला की, तपासनिसापुढे वाचन, लेखन व गणित यांत जितकी मुले उतरतील त्या मानाने शाळेस अनुदान मिळावे. तेव्हा कित्येक शाळांत मुले अर्थ न समजता पुस्तकच तोंडपाठ करू लागली. शिक्षकाचे पोट ज्या मापावर चालते, ते माप खरे राखणे कठीण जाते.

आपल्या देशात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 24 व्या कलमाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी व शिकण्यातील प्रगती त्यांस कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. महाराष्ट्रात प्रगतिपत्रकांवर ‘अ-1’, ‘ब-2’ अशा श्रेणी आल्या. ‘ब-2’ म्हणजे शंभरांपैकी 61 ते 70 गुण. पण ज्या बापास अक्षरओळख नाही त्यास यातून काय कळावे? “तुमची मुलगी गोष्ट वाचते, बेरीज करते, हातच्याची वजाबाकी मात्र तिला अजून येत नाही,” हे वाक्य त्यास कळते. ‘असर’ नावाची पाहणी घरोघर जाऊन करितात. 2022 साली ग्रामीण भारतात पाचवीतील शंभरांपैकी सुमारे 43 मुलांसच दुसरीचा उतारा वाचता आला. उरलेल्यांच्या आईबापांस हे कोणी स्पष्ट सांगितले होते काय?

येथे कोणी म्हणेल, “खरे सांगितले तर गरीब बाप मुलीस शाळेतून काढील आणि तिचे लग्न उरकील. मग थोडे झाकलेले बरे नव्हे काय?” ही भीती पोकळ नाही. परंतु झाकल्याने मुलीची वजाबाकी सुधारत नाही. सुधारण्याचे दिवस मात्र निघून जातात. दयेपोटी का होईना, हलके वजन वापरणारा शेवटी गिऱ्हाइकाचेच नुकसान करितो. मोशेच्या नियमशास्त्रात पिशवीत दोन प्रकारची वजने बाळगण्यास मनाई आहे, ती धान्याइतकीच येथेही लागू पडते. म्हणून उपाय असा की, उणे सांगताना काय साधले आहे तेही सांगावे, आणि पुढे काय करावे हेही सांगावे. ज्या सत्याबरोबर मदतीचा हात नाही ते अर्धेच सत्य होय.

बंधुभगिनींनो, शाळेचे माप धड्याचे आहे, लेकराच्या मोलाचे नव्हे. ते मोल देवाने ठरविले आहे. कोणत्याही श्रेणीने ते वाढत नाही की घटत नाही. हे ज्यास पटले तो बाप कमी गुणांना भिणार नाही व मुलास मारणारही नाही. उपदेशकांनी निरक्षर घरी जाऊन पत्रक वाचून दाखवावे व त्याचा अर्थ फोड करून सांगावा. आणि आईने, स्वतःस वाचता येत नसले तरी, रोज सांजवेळी लेकराकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. ते कोठे अडखळते हे ऐकण्यास अक्षरांची गरज नाही.