नवस आणि सिमेंटचं परमिट

खोपोलीच्या शिळफाट्यापासून महडचा वरदविनायक फार लांब नाही. सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७२५ साली बांधलेलं हे देऊळ अष्टविनायकांपैकी एक. इथे नवस बोलले जातात आणि फेडलेही जातात. मूल झालं, नोकरी लागली, जमिनीचा दावा सुटला, की देणगीची पावती फाडायची. गीतेच्या सतराव्या अध्यायाची कसोटी लावली तर हे दान राजस ठरतं, कारण त्यामागे काहीतरी मिळवायचा हेतू आहे. सात्त्विक दान परतफेडीची आशा न धरता दिलेलं. तरी नवस फेडणाऱ्याला कोणी भ्रष्ट म्हणत नाही. मग मंत्र्याच्या ट्रस्टला किंवा पक्षाला देणगी देणाऱ्या व्यावसायिकालाच का नावं ठेवायची? देवाशी चालतं ते सरकारशी का चालू नये, हा प्रश्न वरवर वात्रट वाटला तरी त्याला उत्तर देणं भाग आहे.

उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडतं. कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ साली, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना. ते इथलेच, आंबेतचे. कलावंत-साहित्यिकांना मदत करण्याच्या हेतूने त्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान काढलं. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं, परमिटाशिवाय बांधकाम अडायचं, आणि प्रतिष्ठानच्या देणगीदारांत बिल्डर होते. ऑगस्ट १९८१मध्ये अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मधून हे प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत हेलकावे खात राहिला. त्यांना शिक्षा झाली नाही, नंतर ते केंद्रात मंत्रीही झाले. पण इथे मुद्दा त्यांच्या दोषाचा नाही, सिमेंटच्या पोत्याचा आहे. वरदविनायक एका भक्ताला पावला म्हणून दुसऱ्याचं काही कमी होत नाही. परमिटचं पोतं मात्र मोजकं. देणगीदाराकडे गेलेलं पोतं देणगी न देता रांगेत उभ्या असलेल्या कोणाच्या तरी वाट्याचं असतं, आणि तो तिसरा माणूस या व्यवहारात कुठेच नसतो.

यावर एक जड आक्षेप खुद्द परंपरेतूनच येतो. शंकराचार्यांचं भाष्य म्हणतं की परतफेड करू शकणाऱ्यालाही अपेक्षा न ठेवता दिलं तर ते सात्त्विकच. म्हणजे एखादा बिल्डर खरोखर कलेच्या प्रेमापोटी पैसे देत असेल, तर त्याला संशयाने का बघायचं? मोक्षाच्या हिशेबात हे मला मान्य आहे. पण तो हिशेब देणाऱ्याच्या मनात मांडला जातो, आणि तिथे कोणत्याही न्यायाधीशाला डोकावता येत नाही. राज्याने बघायचं ते एवढंच, की घेणाऱ्याच्या हातात देणाऱ्याचं काम अडकलेलं आहे का. खालच्या पातळीवर कायदा हे बघतोच. फेरफाराचा अर्ज पडून असताना तलाठ्याने त्याच अर्जदाराकडून फुकटात टीव्ही घेतला, तर त्याबदल्यात काय केलं हे सिद्ध व्हायची वाट न पाहता भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं ११वं कलम त्याला पकडू शकतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना लॉबी करणाऱ्यांकडून देणगी घ्यायला मनाई आहे. तिथेही मन तपासत नाहीत, वेळ तपासतात. आणि गीतेनेही दानाला देश, काळ आणि पात्र यांच्या अटी घातल्याच आहेत. तलाठ्याला लागू होणारी ही शिस्त पक्षाच्या तिजोरीपाशी येऊन का थबकते, याचं पटण्याजोगं कारण मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप गुप्तदानाचा. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं आपणच म्हणतो, मग २०१८ पासून चाललेल्या निवडणूक रोख्यांत देणाऱ्याचं नाव झाकलं तर बिघडलं काय? बिघडलं असं, की दानपेटीत टाकलेल्या नोटेवर टाकणाऱ्याचं नाव घेणाऱ्यालाही दिसत नाही. रोख्यात नाव फक्त मतदारापासून लपत होतं. ते पक्षाच्या कानी घालायला देणाऱ्याला कोणी अडवलेलं नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा हीच गोम पुढे आली. कंपन्यांच्या देणग्या म्हणजे बदल्यात काही मिळावं म्हणून केलेला व्यवहार, असंही न्यायालयाने म्हटलं. मुंबईकरांना यात नवं काही नव्हतं. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षनिधीसाठी पैसे देता यावेत म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी यातून लोकशाहीचाच गळा आवळला जाण्याचा धोका बोलून दाखवला होता.

निवडणुकीला पैसा लागतो, तो आणायचा कुठून, हा तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. पण ज्याची एन.ए.ची परवानगी, टेंडर किंवा परवाना सरकारकडे प्रलंबित आहे, त्याने त्या काळात सत्ताधारी पक्षाला किंवा मंत्र्याच्या ट्रस्टला काहीही देऊ नये, एवढं बंधन घातल्याने कोणताच पक्ष भिकेला लागणार नाही. फाईल निकाली निघाल्यावर, थोडा काळ जाऊ देऊन, त्याने नाव जाहीर करून खुशाल द्यावं. तोवर ज्याला दानाची फारच ओढ असेल त्याच्यासाठी महडची दानपेटी आहेच.