स्मृतीची मुदत

गेलेल्या मनुष्याची आठवण किती काळ बाळगावी, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्राने केवळ भावनेवर सोपवलेला नाही. त्याने तिची मुदत ठरवून दिली आहे. पार्वण श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पुरुषांचा नाव-गोत्रासह उच्चार होऊन त्यांना पिंड मिळतात, आणि सपिंडीकरणाने नवा मृत त्या पंक्तीत दाखल झाला, की सर्वांत वरचा पुरुष पिंडाचा अधिकार सोडून लेपभागी होतो. म्हणजे पिंड देणाऱ्याच्या हाताला लागलेले अन्न दर्भावर पुसले जाते, तेवढाच त्याचा वाटा उरतो. लेपभागींच्याही पलीकडचे पूर्वज श्राद्धाच्या दप्तरी नसतात. शोकाला आणि विस्मृतीला एकाच वेळी मर्यादा घालणारी इतकी समंजस व्यवस्था मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

या व्यवस्थेत एक उपरा शिरला, तो 1839 साली, पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची कृती जाहीर झाली तेव्हा. त्याचे परिणाम किती दूरवर पोहोचले याचा विचार माझ्या मनात घोळू लागला, तो पुण्याजवळच्या खडकीतील काही निवृत्त फौजी मंडळींच्या सहवासात. कोणी बॉम्बे सॅपर्सचे सुभेदार, कोणी तोफखान्यातले हवालदार, कोणी सिग्नल्समधले नायक. हुद्दे निरनिराळे, परंतु छंद एकच, आणि तो म्हणजे कॅमेऱ्यात रोल भरून फोटो काढण्याचा व तो रोल स्वतःच्या हाताने धुण्याचा. त्यांच्यापाशी बडोद्यात तयार झालेला आगफा क्लिक थ्री आहे, ज्यात 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघतात, याशिका आहे, रशियन झेनिट आहे, ज्याचे वजन पाहता तो शत्रूवर फेकण्यासाठीही उपयोगी पडला असता असे त्याचे मालकच म्हणतात. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ रोल एके काळी त्यांनी वापरलेला. 1960 साली स्थापन झालेला तो कारखाना बंद पडल्याचे दुःख त्यांना आपली पलटण मोडल्यासारखे होते.

रोल धुण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. दोन बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत रोल, कात्री आणि टाकीचे चक्र घालून सुभेदारसाहेब दोन्ही हात कोपरापर्यंत आत सरकवतात, आणि मग त्यांची दृष्टी समोरच्या भिंतीवर कुठेतरी स्थिर होते, कारण जे काही पाहायचे ते आता बोटांनीच पाहायचे असते. फिल्मचे टोक चक्राच्या खाचेत अडकले की नाही, ती मध्येच दुमडली तर नाही, हे त्या बोटांना कळते. ज्या माणसाने ऐन उमेदीत मातीखालचा सुरुंग सळईच्या टोकाने चाचपला आहे, त्याच्या बोटांना ते न कळले तरच नवल. डेव्हलपरला वीस अंश उष्णता लागते, आणि पुण्यातल्या वैशाखात नळाचे पाणी त्याहून पुष्कळ गरम असते, म्हणून बाहेरच्या घमेल्यात बर्फ पडतो. मग सात-आठ मिनिटे, दर मिनिटाला टाकी उलटी-सुलटी करीत, कोणी फारसे बोलत नाही. त्यानंतर हायपो, आणि मग पुष्कळ पाणी.

या क्रियेत तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत अद्भुत गोष्ट आहे ती कळ दाबणे आणि रोल धुणे यांच्या मधल्या काळातली. जिलेटिनच्या थरातील सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांवर प्रकाश पडतो, त्यांत चांदीचे मोजके अणू एकत्र येतात, आणि तरीही डोळ्यांना काहीच दिसत नाही. चित्र झालेले असते, परंतु ते अव्यक्त असते. 1840 साली इंग्लंडात फोटोचे प्रयोग करणाऱ्या टॅल्बटच्या हे ध्यानात आले. आपल्या नैयायिकांना मात्र या वार्तेचे आश्चर्य वाटले नसते, कारण अनुभव आणि स्मृती यांच्यामध्ये त्यांनी नेमकी अशीच एक अदृश्य अवस्था मानली होती: अनुभव संपतो, आत्म्यावर त्याचा ‘भावना’ नामक संस्कार उरतो, आणि पुढे कधीतरी एखादा उद्बोधक भेटला म्हणजे त्या संस्कारातून स्मृती उत्पन्न होते. हत्ती दिसला की त्याचा माहूत आठवतो, हे त्यांचे उदाहरण. परंतु ज्याने माहूत कधी पाहिलाच नाही, त्याला हत्ती कितीही वेळ दाखवला तरी माहूत आठवणार नाही, हेही त्या उदाहरणातच आहे, आणि माझा सगळा प्रश्न या दुसऱ्या अर्ध्या भागाशी येऊन ठेपतो.

या मंडळींपैकी एकांच्या लोखंडी ट्रंकेत जुन्या निगेटिव्हांची पाकिटे आहेत. रविवारी बराकीपुढे बनियनवर बसलेले जवान, दाढी करता करता कॅमेऱ्याकडे वळून हसलेला एक तरुण, रेल्वेच्या फलाटावरचा निरोप. त्यांतले काही 1971 च्या डिसेंबरातून परतले नाहीत. या ट्रंकेचे पुढे काय करावे यावर तेथे जो वाद चालतो, त्याला कोणत्याही धर्मसभेने कान द्यावा. माळकरी हवालदारांचे मत असे, की हा सारा मोह आहे. देह नाशवंत म्हणून उभा जन्म टाळ कुटले आणि आता त्या देहाची सावली ट्रंकेत कोंडून ठेवायची, हे काही शोभत नाही. त्यावर दाढी करणाऱ्या त्या तरुणाकडे बोट दाखवून ट्रंकेचे मालक एवढेच म्हणाले, “अहो हवालदार, याचं लग्नही झालं नव्हतं. याला पाणी कोण सोडणार?”

शास्त्र या ठिकाणी हवालदारांच्या बाजूला नाही. भाद्रपद वद्य चतुर्दशी त्याने शस्त्राने मेलेल्यांसाठी राखून ठेवली आहे; महालयात रक्ताच्या नात्यांबरोबर मित्रालाही स्थान दिले आहे; आणि माघ शुद्ध अष्टमीला निपुत्रिक मेलेल्या एका योद्ध्याला, भीष्माला, ज्याचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा कोणीही तर्पण करावे असे सांगितले आहे. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणण्याची सोय आहे. इतक्या उदार धर्मशास्त्राला एकच प्रसंग सुचला नाही, आणि तो सुचण्याचे कारणही नव्हते. 1839 पर्यंत सामान्य माणसाचे नाव मागे राहत असे आणि चेहरा जात असे. आपल्या पणजोबांच्या पणजोबांचे नाव वंशावळीत सापडेल, पण त्यांचे नाक सरळ होते की बसके हे कोणी सांगू शकणार नाही. आता हा क्रम उलटला आहे. चेहरा राहतो आणि नाव जाते. नीट धुतलेली आणि नीट जपलेली निगेटिव्ह शंभर वर्षांहून अधिक टिकू शकते, आणि त्या दाढी करणाऱ्या तरुणाचे नाव जाणणारे आज जेमतेम दोघेतिघे उरले असतील.

म्हणून हा छंद मोह आहे की धर्म, याचा निकाल मी कॅमेऱ्यावरून किंवा ट्रंकेवरून देणार नाही. तो पाकिटावर काही लिहिले आहे की नाही यावरून देईन. ज्या चित्राला नाव नाही, ते पाहून नातवाला स्मृती होणे शक्य नाही, कारण त्याच्यापाशी जागा होण्याजोगा संस्कारच नाही. त्याला होते ते एका कागदाचे प्रत्यक्ष ज्ञान, आणि कागद कितीही सुंदर असला तरी त्याला पाणी सोडता येत नाही. नाव लिहिले, तर मात्र ते आप्तवाक्य होते, आणि शब्दप्रमाणाच्या बळावर न पाहिलेला मनुष्यही आपला होऊ शकतो. पुढे यथाकाल तोही लेपभागी होईल, पाकिटे रद्दीत जातील, आणि त्यात काही अधर्म नाही. मुदत संपणे वेगळे, आणि नोंदच न होता गहाळ होणे वेगळे. (मोबाइलमधल्या हजारो चित्रांविषयी मी येथे बोलत नाही, ज्यांनी काढली त्यांनीच ती पुन्हा पाहिलेली नाहीत.)

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे जुने फोटो असतील त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की घरातली वडील माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे, आणि फोटोच्या पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, नाव, गाव आणि साल लिहून घ्यावे. फौजी असेल तर पलटणही. बॉलपेन वापरू नये, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. निगेटिव्हच्या बाबतीत आधी रिकाम्या पाकिटावर लिहावे, आणि मग तिला आत सरकवावे.