हिशेबवहीतले पूर्वज

अमेरिकेत आपली वंशावळ शोधणारे लोक पुष्कळ आहेत. जनगणनेचे जुने तक्ते, जहाजांच्या उतारूंच्या याद्या, चर्चमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. मग सुट्टीत पणजोबांच्या गावी जायचं, तिथलं जुनं घर, दफनभूमी, संग्रहालय पाहायचं, हेही रुळलं आहे. पण बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा हा शोध १८७० पाशी अडतो. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावं राष्ट्रीय जनगणनेत पहिल्यांदा आली ती त्या वर्षी. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांचे वेगळे तक्ते केले गेले. त्यांत मालकाचं नाव आहे आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. गुलामांची नावं जवळपास कुठेच नाहीत.

त्यापलीकडे जायचं तर मालकाचं दप्तर उघडावं लागतं. मृत्युपत्रं, गहाणखतं, खरेदीखतं, कापड आणि धान्य वाटल्याच्या याद्या. आपल्या खापरपणजीचं नाव गुराढोरांच्या आणि अवजारांच्या रांगेत, पुढे किंमत लिहिलेलं सापडणं, हा अनुभव छंद या सदरात बसत नाही. आणि म्हणूनच हा शोध घरापुरता राहत नाही. तो त्या मालकाच्या वाड्यापर्यंत जातो, आणि वाडा आजवर जी कहाणी सांगत आला ती बदलण्याचा हक्क मागतो. हा हक्क रास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

उत्तर कॅरोलायनातलं सॉमरसेट प्लेस हे याचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं उदाहरण. फेल्प्स सरोवराच्या काठी कॉलिन्स घराण्याचा हा मळा. १७८६ मध्ये थेट आफ्रिकेतून आणलेल्या ऐंशी माणसांना इथे दलदलीत उभं करून कालवा खणायला लावला. १८६० पर्यंत मळ्यावर तीनशेहून अधिक गुलाम होते. १९६९ मध्ये हे राज्याचं ऐतिहासिक स्थळ झालं, पण पाहुण्यांना दाखवायचा तो कॉलिन्सांचा वाडा. ज्यांनी तो जगवला त्यांच्या वाट्याला फारसं काही नव्हतं.

१९७७ च्या जानेवारीत ॲलेक्स हेली यांनी आपल्या गुलाम पूर्वजांवर लिहिलेल्या ‘रूट्स’ या पुस्तकावरची मालिका दूरचित्रवाणीवर आली. ती पाहून डोरोथी स्प्रूल रेडफर्ड या समाजकल्याण खात्यात काम करणाऱ्या बाईंनी आपलं कूळ शोधायला घेतलं. त्या इतिहासकार नव्हत्या. सुमारे दहा वर्षं त्यांनी न्यायालयांतली आणि अभिलेखागारातली कागदपत्रं चाळली आणि त्यांचा माग सॉमरसेटला पोचला. तिथे थांबल्या असत्या तर ती एका घराण्याची गोष्ट झाली असती. त्यांनी मळ्यावरच्या इतर कुटुंबांचे वंशजही शोधून काढले आणि ३० ऑगस्ट १९८६ रोजी सगळ्यांना तिथे बोलावलं. दोन हजारांवर माणसं आली. हेली आले, राज्याचे गव्हर्नर आले. पुढे रेडफर्ड त्या स्थळाच्या व्यवस्थापक झाल्या, आणि गुलामांची घरं आणि त्यांचं इस्पितळ जुन्या जागी पुन्हा उभं राहिलं. एवढा बदल सरकारी खात्याने आपल्या मनाने केला असता असं मला वाटत नाही.

घरातून चालत आलेली गोष्ट मात्र पारखून घ्यावी लागते. ‘रूट्स’मधल्या वंशावळीला वंशशास्त्राच्या अभ्यासकांनी कागदांशी ताडून पाहिलं तेव्हा ती बऱ्याच ठिकाणी टिकली नाही. उलट, राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या व्हर्जिनियातल्या माँटिचेलो या मळ्यावर कागदवाल्यांचीच खोड मोडली. जेफरसन हेच आपले वडील आणि त्यांच्याच घरी गुलाम असलेली सॅली हेमिंग्ज ही आपली आई, असं मॅडिसन हेमिंग्ज यांनी १८७३ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्रात सांगितलं होतं. (त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. मराठी वाचकाला ही कहाणी परकी वाटू नये.) जेफरसनचे बहुतेक चरित्रकार मॅडिसन यांचं म्हणणं शतकभर झटकून टाकत राहिले. गुलामाच्या मुलाची साक्ष ती, तिला किती वजन द्यायचं! १९९८ मध्ये मॅडिसन यांचे धाकटे भाऊ एस्टन यांच्या वंशजाची जनुकीय चाचणी झाली आणि ती जेफरसन घराण्याशी जुळली. केवळ चाचणीने कोणता जेफरसन हे ठरत नव्हतं. पण सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी थॉमस माँटिचेलोला होते हे त्यांच्याच नोंदींतून दिसत होतं. हे सगळं एकत्र मांडून, स्थळ सांभाळणाऱ्या संस्थेने २००० मध्ये हेमिंग्ज घराण्याचं म्हणणं बहुधा खरं असल्याचा निष्कर्ष काढला. तोंडी आठवण, कागद आणि रक्त एकमेकांसमोर ठेवले तेव्हाच हा प्रश्न सुटला.

कहाणी कुणी सांगायची याचं भांडण आता पुढच्या पायरीवर आहे. राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या माँटपेलियर या घराच्या विश्वस्त मंडळाने २०२१ मध्ये गुलामांच्या वंशजांच्या समितीला कारभारात बरोबरीचा वाटा देण्याचं मान्य केलं, मार्च २०२२ मध्ये शब्द फिरवला, आणि देशभर टीका झाल्यावर मे महिन्यात समितीच्या यादीतले अकरा जण मंडळावर घेतले. यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उथळ नाही. इतिहास सर्वांचा आहे. तो कसा सांगायचा हे जन्मावरून ठरवणं बरोबर नाही. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण हे तत्त्व कुणाच्या बाबतीत आठवतं तेही पाहायला हवं. माँटिचेलोच्या आवारातली जेफरसन घराण्याची दफनभूमी त्यांच्या वंशजांच्या एका संस्थेच्या मालकीची आहे. ती संस्था १९१३ पासून आहे आणि तिथे हक्क जन्मावरूनच मिळतो. त्यावर कुणी तत्त्वाचा प्रश्न काढला नाही. चाचणीचा निकाल येऊन चार वर्षं झाल्यावर, २००२ मध्ये, त्या संस्थेने मतदान घेतलं आणि हेमिंग्ज यांच्या वंशजांना सभासदत्व नाकारलं.