रक्षक की मालक?

गेल्या दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात गेवराई तालुक्यातील चकलांबा या गावी एका परिचित कुटुंबाला भेटायला गेलो होतो. बीड जिल्ह्यातील हजारो घरांसारखेच हेही ऊसतोड कामगाराचे घर. दसरा सरला की नवरा-बायको, म्हणजे मुकादमाच्या भाषेत 'एक कोयता', घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले.

ओसरीवर घरातला सोळा वर्षांचा मुलगा मोबाईलमध्ये डोके घालून बसला होता. मी जरा रागानेच विचारले, "काय पाहतोस रे एवढे?" त्याने मान वर न करताच उत्तर दिले, "फादर, ह्यो माणूस मरायला टेकलाय, तरी दुसऱ्याच्या लेकराला वाचवायलाय."

तेवढ्यात आतून त्याचे वडील आले. चहा झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "फादर, पोरगी पंधराची झाली. कुणाच्या भरवशावर टाकून जावं? फडावर निघायच्या आधी उजवून टाकतो. जिवाचा घोर तरी मिटंल."

एकाच घरात, अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन पुरुष माझ्याशी रक्षणाविषयी बोलले. परतीच्या वाटेवर ती दोन वाक्ये माझा पिच्छा सोडीनात. पुरुषाने दुर्बळाचे रक्षण करावे, हा आपल्या परंपरेने पुरुषाला घालून दिलेला आदर्श. तो आदर्श चांगला आहे काय? आणि चांगला असेल, तर तो कोठे नासतो?

प्रथम त्या मुलाकडे वळू. संगणकावरील खेळ म्हणजे गोळीबार आणि वेळेचा अपव्यय, अशी माझी ठाम समजूत होती. प्रवचनांतून मी ती अनेकदा बोलूनही दाखवली आहे. हा मुलगा तो खेळ स्वतः खेळतही नव्हता. तसा संगणक त्याला कोठून परवडणार? दुसरा कोणी खेळत असल्याचे चित्रीकरण तो पाहत होता, एखादी कादंबरी वाचावी तसे. मी त्याला ती कथा सांगायला लावली आणि माझी समजूत अर्धवट होती हे मला कबूल करावे लागले.

'रेड डेड रिडेम्पशन' या मालिकेतील २०१८ साली आलेल्या खेळाचा नायक आर्थर मॉर्गन हा १८९९ सालच्या अमेरिकेतील एका दरोडेखोर टोळीचा माणूस. टोळीचे कर्ज वसूल करताना तो एका आजारी कुळाला मारहाण करतो आणि त्याच्याकडूनच त्याला क्षयाची बाधा होते. मृत्यू समोर दिसू लागतो, तेव्हा हा रांगडा गडी एका रेल्वे स्थानकावर एका वृद्ध धर्मभगिनीजवळ कबूल करतो की आपल्याला भीती वाटते. उरलेले दिवस तो एका सहकाऱ्याला, त्याच्या पत्नीला आणि लहान मुलाला त्या टोळीतून सोडवण्यासाठी खर्ची घालतो. त्याचे बळ, त्याचे धाडस, त्याचा अबोलपणा हे सारे तेच राहते. बदलते ते एवढेच की ते कोणासाठी आहे.

अशी आणखी उदाहरणे आहेत. 'गॉड ऑफ वॉर'चा क्रेटॉस २००५ साली सूडाने पेटलेला योद्धा म्हणून अवतरला. २०१८ च्या खेळात तोच माणूस विधुर पिता आहे. पत्नीची रक्षा सर्वांत उंच शिखरावरून उधळण्यासाठी तो लहान मुलासह निघाला आहे आणि ज्या रागाने आपले आयुष्य जाळले, तो आवरायला मुलाला शिकवीत आहे.

परंतु माझ्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी नेणाऱ्या कथा दोन आहेत. २०१२ च्या 'द वॉकिंग डेड' या खेळातील ली एव्हरेट हा खुनाबद्दल शिक्षा झालेला माणूस. साथीने उद्ध्वस्त झालेल्या जगात त्याला क्लेमेंटाइन नावाची आठ वर्षांची मुलगी एकटी सापडते. ती त्याच्या रक्तामांसाची नव्हे. तो तिला सांभाळतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला आपल्यावाचून जगायला शिकवतो. स्वतःचा बचाव कसा करावा, केस का कापावेत, कोणावर विश्वास ठेवावा, हे तो तिला सांगतो. तो मरतो तेव्हा ती पोरकी होते, पण असहाय राहत नाही.

दुसऱ्याच वर्षी, २०१३ साली, 'द लास्ट ऑफ अस' आला. त्यातील जोएलने आपली मुलगी गमावलेली. वीस वर्षांनी एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे नेताना तो तिचा पिताच होऊन जातो. तिच्या शरीरात रोगावर उपाय दडलेला आहे, पण तो काढायचा तर ती मरणार, आणि तिची संमती न घेताच वैद्य शस्त्रक्रियेला सज्ज होतात. जोएल त्यांना ठार करून तिला सोडवतो. येथवर अनेक बाप त्याच्या बाजूने उभे राहतील. पण शुद्धीवर आल्यावर एली विचारते, तेव्हा तो तिच्याशी खोटे बोलतो. दुसऱ्यांदा, अगदी गळ घालून विचारते, तेव्हाही खोटेच बोलतो. माझ्या मते रक्षक त्या क्षणी मालक झाला. तिचा जीव त्याने वाचवला, पण तिचे सत्य स्वतःजवळ ठेवून घेतले.

सेमिनरीत आम्हाला शिकवीत की लॅटिन भाषेतील सद्गुणाचा शब्द 'विर्तुस' हा 'विर', म्हणजे पुरुष, या शब्दापासून आला. आपल्याकडेही पुरुषापासून पौरुष आणि पुरुषार्थ. जुन्या भाषांनी चांगुलपणाला पुरुषाचे नाव दिले खरे, पण धैर्य म्हणजे काय याचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी फार खोलवर केला आहे. धैर्याची दोन कार्ये ते सांगतात: चढाई करणे आणि सोसणे. आणि यांपैकी प्रमुख कार्य कोणते? चढाई नव्हे, तर संकटात ठाम उभे राहून सोसणे. मर्दुमकी म्हणजे मुसंडी मारणे असे समजणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल, की सोसणे हा पुरुषाचाच गुण कसा? फडावर ऊस तोडतो तो बाप, पण मोळ्या बांधून डोक्यावर वाहते ती आई, आणि कोपीवर परतून भाकऱ्याही तीच थापते. आक्षेप मला मान्य आहे. पुण्यात तयार होऊन २०२० साली आलेल्या 'राजी' या खेळात तर हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात शस्त्र घेऊन निघते ती बहीण. धैर्याला लिंग नसते. मग पुरुषासाठी वेगळे काय उरते? मला वाटते, वेगळा हिशेब उरतो. समाजाने बळ, मान आणि निर्णयाचा अधिकार प्रामुख्याने पुरुषाच्या हाती ठेवला. ज्याच्या हाती अधिक दिले, त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, ही प्रभूची शिकवण आपण जाणतोच. पौरुषाची कसोटी म्हणूनच अशी: ज्याचे तुम्ही रक्षण केले, तो तुमच्या सावलीत मोठा झाला की खुरटला?

या कसोटीवर आपला जिल्हा उतरतो काय? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या केवळ ८०७, महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत कमी. पोरीची जात, तिला सांभाळायचे कसे, या चिंतेच्या नावाखाली आपण तिला जन्मच नाकारला. जी जन्मली, तिच्या रक्षणाचा उपाय म्हणून अठरा वर्षांच्या आत तिला उजवून टाकले. २००६ चा कायदा याला गुन्हा म्हणतो. परंतु तो बाप दुष्ट नव्हता, हेच खरे दुःख आहे. त्याचे डोळे पाणावले होते. मुलीवर त्याचे प्रेम होते, आणि तिच्याविषयी तो बोलत होता तो घोर मिटवण्याच्या भाषेत. रक्षण कोठे संपते आणि मालकी कोठे सुरू होते, ती रेघ प्रेमाच्या आतूनच जाते.

अशा वेळी मला संत योसेफ आठवतो. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. जे मूल त्याच्या रक्ताचे नव्हते, त्याला घेऊन तो रातोरात मिसरात जातो. आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो व आपल्या पित्याच्या घराविषयी बोलतो, तेव्हा योसेफ ते शब्द मुकाट्याने ऐकून घेतो. त्यानंतर तो कथेतून जणू बाजूला होतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी योसेफाविषयी लिहिलेल्या पत्रात हेच सांगितले आहे: खऱ्या पितृत्वात ताबा गाजवण्याचा मोह नसतो, मुलाला मोकळे करण्याचे सामर्थ्य असते.

खेळांना मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. तेथे चूक झाली तर मागे जाऊन पुन्हा खेळता येते. चकलांब्यात पंधराव्या वर्षी लावलेले लग्न कोणते बटण दाबून मागे नेणार? शिवाय पडद्यावरच्या नायकासाठी डोळे ओले करणे सोपे असते. मी त्या मुलाला म्हणालो, "तो माणूस दुसऱ्याच्या लेकराला वाचवतो, हे तुला आवडले ना? मग तुझ्या बहिणीचे काय?" तो बराच वेळ गप्प राहिला. त्याच रात्री, मला नंतर कळले, तो प्रथमच बापासमोर उभा राहून बोलला: "ती शिकंल. मी हाय, आज्जी हाय."

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना मंजूर केली. आम्ही तिघे मिळून कागदपत्रांच्या मागे लागलो. बाप दोन दिवस उशिरा फडावर निघाला, मुकादमाचे बोलणे खाल्ले. मुलगी वसतिगृहात आहे. पुढच्या वर्षी काय होईल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उचल आणि गरिबी जेथल्या तेथे आहेत.

परंतु मुलीला वसतिगृहाच्या दारात सोडताना तो बाप सर्वांदेखत रडला, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाने मान फिरवली नाही. 'बायकांसारखे रडू नका' असे मी व्यासपीठावरून मुलांना किती वेळा सांगितले असेल! त्या दिवशी मला त्या शब्दांची लाज वाटली. वाचक मातापित्यांनो, आपला मुलगा पडद्यावर कोणता पुरुष पाहतो, हे त्याच्याजवळ बसून एकदा अवश्य विचारा. आणि घरात तो कोणता पुरुष पाहतो, हे स्वतःला विचारा.