उलटा लावलेला दगड

गोठा नव्यानं बांधायला काढला तेव्हा दारातली पायरी निघाली. चांगला घडीव दगड. पुन्हा कामाला येईल म्हणून उलटवला, तर खालच्या अंगाला दोन पावलं कोरलेली. पादुका. कुणाच्या तरी समाधीचा दगड तो. गवंड्यानं पायातली चप्पल काढली आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

आजोबांनीच तो ओढ्याकाठच्या पडक्या चौथऱ्यावरून आणलेला. विचारलं तर म्हणाले, "त्याला पुसणारं कोण हाय? कूळ बुडालं. गुरांचं पाय घसरत हुतं, म्हणून लावला." आमच्या गुंजवण्यात पावसाळा म्हणजे गोठ्यापुढं घोटाभर चिखल. मेलेल्यासाठी जित्या जनावरानं पाय मोडून घ्यावा का? आजोबा अगदीच चुकले, असं मला अजूनही म्हणवत नाही.

गावाच्या डोक्यावर राजगड. आजी ताकाची कळशी घेऊन चोरदरवाजाच्या वाटेनं पद्मावती माचीवर जायची. तिथं देवळापुढं एक समाधी आहे, लोक ती सईबाई राणीसाहेबांची मानतात. राणीसाहेब ५ सप्टेंबर १६५९ ला गेल्या. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. त्यांना अंगावर पाजणारी धाराऊ आपल्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळची. दोनच महिन्यांनी महाराजांपुढं अफजलखान उभा. दुःख करायला सवड तरी कुठली! आजीला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. ताक विकायला बसण्याआधी ती तिथं फूल ठेवी आणि म्हणे, "लेकरू टाकून गेली गं बाई."

राणीसाहेबांना अख्खा महाराष्ट्र वारस आहे. ओढ्याकाठच्याला कोणीच नाही. मग मान मेलेल्या माणसाला असतो, की त्याच्या मागं राहिलेल्यांना?

गडापासून लांब, बोरघाटात गेलं तरी हेच. रेल्वेचं काम घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज १८५९ साली इकडं आला आणि थोड्याच दिवसांत मेला. बायको अ‍ॅलिसनं काम पुढं रेटलं, १८६३ ला घाटातून गाडी गेली. नवराबायकोची नावं पुस्तकांत आहेत. त्याच घाटात पटकीनं, सुरुंगानं गेलेले हजारो मजूर कुठल्या कुठल्या गावांतले, त्यांची नावं कोण सांगणार?

आपल्याकडं श्राद्धात, ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठीही धर्मपिंड ठेवतात. कूळ बुडालं म्हणून देणं बुडत नाही, ते सगळ्यांवर येतं, असा मी त्याचा अर्थ घेतो. आजोबांना द्यायला माझ्याकडं एवढंच उत्तर होतं.

दगड परत न्यायचं ठरलं. पण चौथराच उरला नव्हता, तिथं भाताचं खाचर. मालक म्हणाला, "बांधावर ठेवा, पण देऊळ करू नका. उद्या लोक वाट मागतील." बांधावर ठेवला. आजोबा काठी टेकत आले, हात जोडले आणि माघारी फिरताना म्हणाले, "आता गोठ्याला खरबडीत फरशी आणा. गुळगुळीत नको."